चव्हाट्यावर सासूबाईंची बाहुली नव्हती

माझ्या सासूबाई गाद्या-उशा भरून विकायच्या. नाव नुमिसिया, पण गल्लीत सगळे गादीवालीच म्हणायचे. एस्क्विलिन टेकडीच्या उतारावर तीन गल्ल्या मिळतात, त्या चव्हाट्याला लागून आमचं दुकान आणि दुकानावर लाकडी माळा. परटांकडे कापड तुडवताना, घासताना जी लोकर झडते ती पोत्यांनी आणायची, पिंजायची आणि खोळीत ठासायची, एवढाच धंदा. माझा नवरा वेतुरिउस सैन्यात गेल्यापासून घरात आम्ही दोघी सासू-सुना, आणि ख्रेस्ते नावाची म्हातारी दासी.

सासूबाई तोंडाने तिखट होत्या. गिऱ्हाइकाने उशी दाबून "मऊ नाही" म्हटलं की म्हणायच्या, "डोकं कोणतं ठेवणार आहेस, ते आधी बघू दे." देवाच्या बाबतीत मात्र त्या लहान पोरीसारख्या होत्या. चुलीत चिमूटभर मीठ आणि भरड टाकल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. टाकायला विसरल्या आणि नेमकं तेव्हाच एखादं मडकं फुटलं, तर दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. नवी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. पुढे माझंही तसंच झालं.

आमच्या भिंतीला भिंत लागून तितिनिया परटिणीचं घर. आधी लोकर आम्ही तिच्याकडूनच घ्यायचो. दोघींचं इतकं सख्य, की एकीच्या घरी मसूर शिजली की वाटी दुसरीकडे जायची. तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा एकाच महिन्यात सैन्यात गेले, पण वेगवेगळ्या सेनापतींकडे. त्या वसंतात मुतिना गावापाशी दोन्ही फौजा एकमेकींवर पडल्या. माझा नवरा जिवंत असल्याचा निरोप आला. तितिनियाकडे मुलाचा फक्त कमरेचा पट्टा आला.

सासूबाई भाकरी घेऊन तिच्या दारात गेल्या. तितिनिया बाहेर आली. भाकरीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्याच पोराने मारलं नसेल कशावरून?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून बोलणं बंद. हौदातलं घाण पाणी ती मुद्दाम आमच्या उंबऱ्याच्या बाजूला सोडायची. आम्ही लोकर नदीपलीकडून आणायला लागलो.

त्याच वर्षी थंडी सुरू होताना दवंडी आली. वर्षभर एकमेकांच्या जिवावर उठलेले तीन सेनापती उत्तरेत एका नदीतल्या बेटावर भेटले आणि एक झाले. दवंडीवाला ओरडत होता, "राज्यात सलोखा झाला! भाऊबंदकी संपली! सलोख्याच्या देवीला नमस्कार करा!" सासूबाईंनी हातातली लोकर खाली ठेवली. "आता पोरगा घरी येईल," म्हणाल्या. त्या दिवशी चुलीत त्यांनी मूठभर भरड टाकली.

काही दिवसांत मोठ्या चौकात पांढरे फलक लागले. त्यावर नावं. ज्याचं नाव असेल त्याचं डोकं आणून देणाऱ्याला किंवा पत्ता सांगणाऱ्याला चांदी, तो गुलाम असेल तर मुक्तीही, आणि ज्याच्या घरात असा माणूस सापडेल त्याचंही नाव फलकावर. मी कोबी घ्यायला गेले होते. कोबीवाला मान खाली घालून पानं काढत होता. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "तिघांपैकी एकाने सख्ख्या भावाचं नाव दिलंय म्हणे, एकाने मामाचं. सलोख्याचा विसार." कोबी न घेताच मी घरी आले.

आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लोकरीच्या गाडीतून, पोत्यांखाली दडून, सासूबाईंचा भाऊ आला.

पुब्लिउस नुमिसिउस, माझ्या नवऱ्याचे मामा. प्रेनेस्ते गावातला धान्याचा व्यापारी. गोरा, जाडा, हाताची नखंसुद्धा दासाकडून कापून घेणारा माणूस. गावच्या सभेत हे उठून म्हणाले होते, "दोन्हीकडची पोरं आपलीच आहेत. वेशी लावून घेऊ, दाणा कोणालाच देऊ नका. उपाशी पोटी कोण किती लढतो ते बघू." तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता दोन्हीकडचे एक झाले आणि यांचं नाव फलकावर लागलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला नाही, रडल्या नाहीत. "वर जा. पोत्यांमागे. चपला काढ," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खाली गिऱ्हाईक आलं की माझे कान वर. लाकडी माळा, कोणी कूस बदलली तरी कुरकुरायचा. मामा घोरायचे. भर दुपारी डोळा लागला की पोत्यांमागून असा आवाज यायचा, की सासूबाई मोठमोठ्याने लोकर झोडपायला लागायच्या. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "वर कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या, "मांजर आहे. म्हातारं झालंय, छातीत कफ आहे." तो हसला.

ख्रेस्तेची भीती आणखीच वेगळी. जेवण वर तीच न्यायची. चौकापर्यंत चालत जाऊन चार शब्द बोलली असती, तर ती मुक्त बाई झाली असती. आम्ही तिच्याशी अचानक गोड बोलायला लागलो, तिच्या ताटात जास्त ऑलिव्ह घालायला लागलो. एके दिवशी तिने ती वेचून परत भांड्यात टाकली. "बाईसाहेब, मला जन्मात कधी एवढी ऑलिव्ह मिळाली नाहीत. शेजारी बघतील," म्हणाली. ती का गेली नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मामांना गप्प बसवत नसे. पोत्यांमागून कुजबुजत राहायचे, "सलोखा म्हणजे सगळे एकच बोलतात तो नव्हे, ताई. भांडूनसुद्धा कोणी सुरा काढत नाही, तो सलोखा."

"सलोख्यावर बोलूनच पोत्यामागे येऊन पडलायस," सासूबाई म्हणायच्या. "आता तरी हळू बोल."

वर्षाच्या शेवटी हुकूम निघाला. तिघांपैकी एकाची विजयाची मिरवणूक निघणार, त्या दिवशी सर्वांनी देवाला नैवेद्य करून आनंद करावा. जो आनंद करणार नाही त्याचं नाव फलकावर. आम्ही दाराला पानं बांधली, उंबऱ्यावर बसून वाइन प्यालो आणि रस्त्याकडे बघून हसलो. अख्खी गल्ली तशीच हसत होती. तितिनियाही तिच्या दारात बसली होती. तीही हसत होती.

त्यापाठोपाठ चव्हाट्याच्या देवांचा सण आला.

आमच्याकडे या सणाला घरातल्या प्रत्येक माणसामागे एक लोकरीची बाहुली करून चव्हाट्यावरच्या देवळीपुढे टांगतात, पुरुषाची पुरुषासारखी, बाईची बाईसारखी. दासामागे नुसता लोकरीचा गोळा. देवांची जी आई आहे, मानिया, ती त्या रात्री जमिनीखालून येते. तिने लोकरीची माणसं घ्यावीत आणि जिवंत माणसं सोडावीत, म्हणून हे करायचं. ज्याची बाहुली नाही, तो तिचा.

गल्लीचा मुखिया स्काएवा, कोळसेवाला, सणाच्या आधी दारोदार फिरला. त्याच्या मागे एक शिपाई.

"यंदा बाहुल्या मोजायच्या आहेत," स्काएवा म्हणाला. आमच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "प्रत्येक घराच्या. वरून सांगणं आहे. माणूस माणसाला खोटं सांगतो, पण या देवांना खोटं सांगायची छाती कोणाची आहे?"

"कोणाची नाही बाबा," सासूबाई म्हणाल्या. तो गेल्यावर त्या पिंजायच्या काठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

मामांनी वरून ऐकलं होतं. "माझी बाहुली करू नकोस, ताई. लोकरीच्या चिंधीपायी तिघं मरू."

"सासूबाई, नका करू," मीही म्हणाले. "टांगली तर शिपाई नेतील त्यांना. आपल्यालाही."

"आणि नाही टांगली तर ती नेईल." सासूबाई माळ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पुब्लिउस, आपल्या धाकट्याची आठवण आहे तुला? त्या वर्षी आईने बाहुल्या केल्या आणि त्याची करायची राहिली. वसंतात गेला. तापाने गेला म्हणतात सगळे. आईला माहीत होतं कशाने गेला ते."

माळा कुरकुरला; मामा पोत्यांमागे आणखी आत सरकले.

सणाच्या संध्याकाळी उत्तरेचं वारं सुटलं होतं. देवळीपुढे दिवे, मधाच्या पोळ्या, आणि घराघराच्या दोऱ्या ताणलेल्या. सासूबाईंनी बाहुल्या पदराखालून काढल्या आणि मला पुढे येऊ न देता स्वतःच बांधल्या. मी अंतरावरून मोजल्या. तीन बाहुल्या आणि एक गोळा. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, त्यांनी मामांची केली नाही. आणि लगेच वाटलं, आता मामांचं कसं?

स्काएवा मोजत आला.

"गादीवाली, घरात कोण कोण?"

"मी, सून, मुलगा सैन्यात. आणि ख्रेस्ते."

"तीन आणि एक. बरोबर." तो पुढे सरकला.

शिपाई पोळी खात होता. तो सरकला नाही. "थांब. बायका दोन म्हणाली ना ही? मग पायघोळ झगा एकीलाच कसा? हे दोन गडी आहेत."

तेव्हा मी नीट पाहिलं. कमरेला निळा दोरा असलेली बाहुली माझी. तिच्याशेजारी माझा नवरा. आणि तिसरी, आखूड अंगरख्यातली, पोट जरा जास्त भरलेली. सासूबाईंनी आकडा बरोबर ठेवला होता आणि भावाला आपल्या जागी टांगलं होतं. स्वतःला टांगलंच नव्हतं. त्या रात्री येणाऱ्या आईसाठी घरातला एक जीव मोकळा सोडला होता, तो स्वतःचा.

सासूबाई दोरीपुढे येऊन उभ्या राहिल्या. मला एवढंच दिसत होतं, की शिपायाने उरलेली पोळी तोंडात कोंबली आणि हात मोकळा केला.

"ती माझी आहे."

तितिनिया. कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ती गड्याची बाहुली माझी. माझ्या दोरीला जागा नव्हती, हिच्या दोरीला लटकवली. काय बिघडलं?"

"तुझ्या घरात तू आणि तुझे दास," स्काएवा गोंधळला. "गडी कोण?"

"माझा मुलगा."

स्काएवाने आवाज खाली आणला. "तितिनिया, अगं, तुझा मुलगा मुतिनाला..."

"काय मुतिनाला? बोल की! तू पुरलास त्याला? पट्टा आलाय माझ्याकडे, पट्टा! पट्टा काय, कोणीही सोडून देतो. माझा पोरगा आहे की नाही ते आता कोळसेवाला ठरवणार? ठरव. यांच्यासमोर ठरव." तिने देवळीकडे बोट केलं.

स्काएवाने काळे हात अंगरख्याला पुसले. देवळीकडे बघायची त्याची छाती झाली नाही. "बरं, आहे तर आहे."

शिपाई मात्र हटला नाही. "मग या म्हातारीची बाहुली कुठे आहे?"

"हिची?" तितिनिया मोठ्याने हसली. "अख्ख्या गल्लीच्या गाद्या भरते आणि स्वतः फळीवर झोपते ही. विसरली असेल! काय गं नुमिसिया, घरातले सगळे मोजलेस आणि स्वतःला विसरलीस?"

कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. आनंद करायचा हुकूम पाळताना हसलो होतो, तसंच. ख्रेस्तेने सासूबाईंच्या कपड्यांना चिकटलेली लोकर भराभर वेचून त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी तिथेच कशीबशी एक बाई वळली. डोकं एकीकडे, झगा एकीकडे. तितिनियाने गड्याची बाहुली सोडून स्वतःच्या दोरीला बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

त्या रात्री आम्ही दिवा लावला नाही. आता तितिनियाला कळलं होतं. ती सांगेल, आज नाही तर उद्या, असं धरून आम्ही दाराला टेकून बसलो. मामा वर रडत होते. घोरण्याची भीती नव्हती.

सकाळी दार वाजलं. बाहेर तितिनिया, हातगाडीवर लोकरीची पोती. पूर्वीसारखी. आत येऊन तिने दार लोटलं.

"वर आहे ना?"

सासूबाईंनी दाराला कडी घातली.

"मला तुझा भाऊ नको, नुमिसिया. असले लोक सभेत बोलत बसतात आणि पोरं आमची मरतात. पण काल मी त्याला माझ्या दोरीवर बांधलाय. देवांनी त्याला माझ्या घरात मोजलाय. तो इथे सापडला, तर मी त्यांच्यापुढे खोटी ठरेन. तो आता माझ्याच घरात राहायला हवा. कर एक पोतं रिकामं."

मामा पोत्यात कसे मावले, देवाला ठाऊक. आम्ही तिघींनी आणि ख्रेस्तेने ते ओढत गाडीवर घातलं. चव्हाट्यावर कालचाच शिपाई कोळशाच्या दुकानाशी शेकत बसला होता. गाडी हलेना. चाक उंबऱ्याच्या दगडाला अडलं. तो वळून बघायला लागला, आणि सासूबाई एकदम किंचाळल्या.

"ओली लोकर! मला ओली लोकर विकतेस? घेऊन जा तुझं पोतं!"

तितिनियाच्या लगेच लक्षात आलं. "ओली? तुझी नियत ओली! वर्षभर नदीपलीकडून सुकी आणलीस ना, जा तिकडेच!"

"तू घाण पाणी सोडलंस माझ्या दारात!"

"तू भाकरी घेऊन आलीस! माझ्या पोराचा पट्टा हातात असताना भाकरी! तुझा जिवंत आहे म्हणून भाकरी!"

"मग काय करायचं होतं मी? यायचंच नव्हतं?"

"रडायचं होतंस! तुझ्या डोळ्यात पाणी नव्हतं तेव्हा!"

मी गाडी ढकलत होते. हे भांडण खोटं आहे की खरं, ते मला कळत नव्हतं. दोघींच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि दोघी रडत होत्या. शिपाई हसला, "कालच तर एक झाल्या होत्या," म्हणाला, आणि पुन्हा शेकोटीकडे वळला. चाक सुटलं.

काही दिवसांनी आमच्याकडे झडती आली. कोणी सांगितलं कळलं नाही. शिपायांनी प्रत्येक पोत्यात तलवार खुपसली. मी डोळे मिटून उभी होते, आणि प्रत्येक वेळी पातं लोकरीत जाताना मऊ आवाज होत होता. पोत्यांत नुसती लोकर निघाली, आणि ते निघून गेले. घरभर लोकर उडत होती. शेजारी तितिनियाकडे मात्र कोणीच गेलं नाही. परटांच्या हौदात कापड धुवायला मूत असतं. त्या वासात शिपाई शिरत नाहीत.

मामा त्या हौदांत दासांबरोबर कापड तुडवत होते. आमच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. पोट उतरलं, नखं काळी पडली, तोंड ओळखू येईना. तितिनिया त्यांच्याशी बोलायची नाही. जेवायला मात्र आपल्या शेजारी बसवायची आणि पहिला घास चुलीला गेल्याशिवाय त्यांना हात लावू द्यायची नाही. वसंतात कापडाच्या गाडीबरोबर ते परटाचा गडी म्हणून समुद्राकडे गेले; पलीकडे सिसिलीत या तिघांचा हुकूम चालत नव्हता. सासूबाईंनी निरोपही दिला नाही. दारात उभं राहिलं तर कोणीतरी बघेल, म्हणून लोकर झोडपत बसल्या. इतकी झोडपली की तिचं पीठ झालं.

मग पुन्हा वाट बघणं. रस्त्यात पकडलेल्यांच्या बातम्या रोज यायच्या. चौकातल्या वक्त्यांच्या ओट्याकडे आम्ही दोघी बघायचो नाही. तिथे डोकी मांडलेली असत. कधी ख्रेस्ते जाऊन बघून यायची आणि नुसती मान हलवायची. नाही.

उन्हाळा संपता संपता खारवलेले मासे विकणारा एक जण दुकानात आला. त्याने उशी दाबून पाहिली आणि म्हणाला, "सिसिलीत एक जाडा गृहस्थ म्हणत होता, एवढ्या मऊ उश्या दुसरीकडे नाहीत. जाडा म्हणजे पूर्वी असावा." उशी न घेता तो निघून गेला.

सासूबाई उठल्या. पदर सावरला आणि परटिणीकडे निघाल्या. मी मागे गेले. तितिनिया हौदात उभी होती, गुडघ्यापर्यंत पाण्यात, कापड तुडवत. तिने वर पाहिलं, आणि सासूबाईंचा चेहरा बघून तिचे पाय थांबले.

"पोचला का?" तिने विचारलं. "माझा मुलगा?"

"पोचला," सासूबाई म्हणाल्या.

तितिनियाने पुन्हा तुडवायला सुरुवात केली.